ॲलर्जी : निदानातील विवेक आणि आपल्या औषधांची जबाबदारी

सांप्रत चिकित्सालयातील एकही दिवस असा जात नाही, की ज्या दिवशी 'वैद्यराज, मला ॲलर्जी आहे' हे वाक्य कानी पडत नाही. सकाळी उठताच वीस-पंचवीस शिंका येणारा कारकून, अंगावर पित्त उठते म्हणून आमसुलाचे पाणी चोळून आलेली गृहिणी, दूध प्यायल्यावर ज्याचे पोट बिघडते असा बालक, केसांना रंग लावल्यावर डोळे सुजलेला प्रौढ आणि रात्री अंगभर खाज येते म्हणून झोप उडालेले अख्खे कुटुंब, हे सर्व जण एकच शब्द वापरतात. त्यांपैकी काहींना खरोखर ॲलर्जी असते, काहींना नसते आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत तो शब्द प्राणसंकटाची पूर्वसूचना असतो.

रुग्णाने तो शब्द सैल वापरला तर त्याला दोष देता येत नाही. परंतु चिकित्सकाने तो तसाच स्वीकारून नेहमीचे औषध लिहून दिले आणि औषधालयाने ते तसेच बांधून दिले, तर त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात. म्हणून प्रस्तुत लेखात या विषयाचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विशेषतः ज्या अंगाची चर्चा आपल्यात फारशी होत नाही, ते म्हणजे आपलीच औषधे एखाद्या रुग्णात ॲलर्जीचे कारण ठरू शकतात, याकडे वैद्यबंधू-भगिनींचे व औषधालय चालकांचे लक्ष वेधण्याचा हेतू आहे.

संज्ञेचा अर्थ

'ॲलर्जी' ही संज्ञा व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये योजिली. बाह्य द्रव्याच्या पूर्वसंपर्कामुळे शरीराची बदललेली प्रतिक्रिया, असा तिचा मूळ अर्थ. पुढे १९२१ मध्ये प्राउस्निट्झ व क्युस्टनर यांनी एक बोलका प्रयोग केला. क्युस्टनर यांना शिजवलेला मासा सोसत नसे. त्यांच्या रक्तातील रक्तद्रव प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला व दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेथे तत्काळ गांधी उठली. रक्तातील कोणता तरी घटक ही प्रतिक्रिया वाहून नेतो, हे त्यावरून सिद्ध झाले. तो घटक म्हणजे आयजीई नावाचे प्रतिपिंड, हे १९६६ मध्ये इशिझाका दांपत्याने दाखवून दिले.

व्यवहारात दोन प्रकार ध्यानी ठेवावेत. पहिला शीघ्र प्रकार. यात आयजीईच्या मध्यस्थीने मास्ट पेशींतून हिस्टामिन आदी द्रव्ये बाहेर पडतात व लक्षणे काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसू लागतात. दुसरा विलंबित प्रकार. यात लसिकापेशी कार्य करतात व त्वचेवरील लक्षणे साधारणतः २४ ते ७२ तासांनी उमटतात. बिब्बा उतणे, गाजरगवताने चेहरा काळवंडणे, नकली दागिन्यांनी कानाच्या पाळीला चिघळणे, ही दुसऱ्या प्रकाराची परिचित उदाहरणे होत. दोन्ही प्रकारांत पूर्वसंपर्क आवश्यक असतो. म्हणूनच 'हे तर मी लहानपणापासून खातो' हे रुग्णाचे म्हणणे त्या पदार्थाला निर्दोष ठरविण्यास पुरेसे नाही.

शास्त्रीय विचार

आपल्या संहितांत ॲलर्जी या नावाचा एकच एक व्याधी नाही आणि तो शोधण्याचा अट्टहासही नको. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द व कोठ यांचे वर्णन एकत्र आले आहे. शीत वायूच्या स्पर्शाने प्रकुपित झालेले कफ व वात पित्ताशी मिळून त्वचेत व आभ्यंतर पसरतात, ही त्याची संप्राप्ती. शीतपित्तात वाताचे आधिक्य, तर उदर्दात कफाचे. वमनाच्या मिथ्यायोगातून कोठ उद्भवतो. याखेरीज वारंवार होणारे प्रतिश्याय, तमकश्वास, चरकाने सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितलेले विरुद्धाहारजन्य विकार आणि दूषीविषाची लक्षणे, या सर्व ठिकाणी आजच्या ॲलर्जीच्या रुग्णाचे काही ना काही रूप आढळते.

अनेकदा 'ॲलर्जी म्हणजे असात्म्यता' असे समीकरण मांडले जाते. ते अर्धवट आहे. असात्म्यतेची व्याप्ती मोठी आहे. दुधातील शर्करा न पचल्यामुळे होणारे आध्मान व द्रवमलप्रवृत्ती हीही असात्म्यताच, परंतु तिला ॲलर्जी म्हणता येणार नाही. अशा रुग्णाला दुधाचे प्रमाण कमी केले किंवा ताक दिले तरी बहुधा चालते. दुधातील प्रथिनाची खरी ॲलर्जी असलेल्या बालकाला मात्र एक चमचा दूधही घातक ठरू शकते. सारांश, ॲलर्जी ही असात्म्यतेची एक जात मानता येईल, परंतु प्रत्येक असात्म्यता ॲलर्जी नव्हे. हा भेद ज्याला करता आला, त्याची निम्मी चिकित्सा झाली असे समजावे.

निदानाचे चार प्रश्न

रुग्णाला पुढील चार प्रश्न विचारण्याचा आमचा परिपाठ आहे.

१. संपर्कानंतर किती वेळाने त्रास झाला?
२. तो पदार्थ घेतल्यावर दर वेळी त्रास होतो की कधी कधी?
३. त्रास एकाच ठिकाणी होतो की त्वचा, श्वास, पोट अशा एकाहून अधिक ठिकाणी?
४. गेल्या दोन-तीन दिवसांत नवे असे काय झाले? यात औषध, लेप, तेल, उटणे, केसांचा रंग, टिकली, साबण, प्रवास व घराची साफसफाई हे सारे येते.

या प्रश्नांनी सोंग घेणारे पुष्कळ व्याधी उघडे पडतात. खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत व बेंबीभोवती पुरळ आहे आणि घरातील इतरांनाही तीच तक्रार आहे, तर ती खरूज होय. तिला कितीही रक्तशुद्धीकर काढे दिले तरी सर्व कुटुंबाची एकाच वेळी चिकित्सा केल्याखेरीज ती जाणार नाही. लहान मुलांच्या केवळ उघड्या हातापायांवर उठणारे कठीण दाणे बहुधा कीटकदंशाचे असतात. सहा आठवड्यांहून अधिक काळ रोज येणाऱ्या गांधींचे कारण आहारात क्वचितच सापडते. अशा वेळी वांगे, दही, डाळ असे एकेक पदार्थ वर्ज्य करीत जाणे निष्फळ होते. तेथे अवटुग्रंथीचे विकार व वेदनाशामक गोळ्यांचा वापर यांची चौकशी अधिक उपयोगी पडते.

गांधीभोवती पेनाने वर्तुळ काढून रुग्णाला दुसऱ्या दिवशी पाहण्यास सांगावे. सामान्य गांधी २४ तासांच्या आत जागा सोडते. ती तेथेच राहिली, दुखू लागली व जाताना काळसर डाग ठेवून गेली, तर रक्तवाहिन्यांच्या शोथाची शंका घेऊन पुढील तपासणी करावी. खाज अथवा गांधी नसताना केवळ ओठ, जीभ वा चेहरा सुजत असेल, तर रक्तदाबाच्या गोळ्यांचे वेष्टन मागून पाहावे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील औषधांनी, कित्येक महिने घेतल्यानंतरही, अशी सूज येऊ शकते. रुग्णाने ते औषध परस्पर चालू ठेवू नये व ज्या चिकित्सकाने ते दिले त्यांच्याकडे त्याच दिवशी पाठवावे. जीभ वा घसा सुजत असेल तर मात्र सरळ रुग्णालय गाठावे.

रक्ततपासणीविषयी एक इशारा आवश्यक वाटतो. आयजीई वाढलेले असणे म्हणजे केवळ संवेदनशीलता. रोग असेलच असे नाही. शंभर-शंभर खाद्यपदार्थांची यादी देणाऱ्या आयजीजी तपासण्यांना तर अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानात आधारच नाही. अशा अहवालावरून दूध, गहू, तूरडाळ व अंडी ही सर्व बंद झालेली, वजन न वाढणारी बालके आमच्या पाहण्यात आहेत. अहवालाचे कागद बाजूला ठेवून इतिवृत्त घ्यावे, हेच श्रेयस्कर.

बालकांतील विचार

बालकांत दूध व अंडे यांची ॲलर्जी अधिक आढळते व वाढत्या वयाबरोबर ती पुष्कळांची नाहीशी होते. शेंगदाणे, मासे व कोळंबीसारखे कवचधारी जलचर यांची ॲलर्जी मात्र दीर्घकाळ टिकण्याकडे कल असतो. म्हणून 'दूध चालत नाही' हा शिक्का जन्मभराचा समजू नये. ठरावीक काळाने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पुनर्विचार व्हावा.

नवे अन्न उशिरा दिल्याने ॲलर्जी टळते, हा समज बरीच वर्षे प्रचलित होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लीप' नामक ब्रिटिश अभ्यासाने त्याला धक्का दिला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या अर्भकांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिल्यास पाच वर्षांच्या वयात त्या ॲलर्जीचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सहाव्या महिन्यानंतर क्रमाक्रमाने, अल्प मात्रेत व मऊ स्वरूपात अन्न सुरू करण्याच्या आपल्या अन्नप्राशनाच्या परंपरेशी हे विसंगत नाही. अख्खे दाणे मात्र लहान मुलांना देऊ नयेत, ते श्वासमार्गात अडकतात. तीव्र इसब असलेल्या अर्भकात ही सुरुवात तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावी.

आपल्याकडे बाळाला साय व डाळीचे पीठ लावून न्हाऊ घालण्याची चाल आहे. निरोगी त्वचेला त्याने सहसा बाधा होत नाही. परंतु इसबाने फुटलेल्या, चिरा पडलेल्या त्वचेतून अन्नाची प्रथिने शरीरात शिरल्यास त्यांच्याविषयी संवेदनशीलता निर्माण होऊ शकते, असे अलीकडील संशोधन सुचविते. अशा बालकाला पीठ, साय व दुधाचे लेप टाळावेत. कोमट पाण्याने अल्पकाळ स्नान व त्यानंतर लगेच खोबरेल तेलासारखे सौम्य स्नेहन ठेवावे.

प्रौढांतील विचार

प्रौढांत परिसर व व्यवसाय यांचा विचार अग्रक्रमाने व्हावा. गाजरगवत अर्थात काँग्रेस गवत भारतात पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास नजरेत भरले व त्यानंतर त्याने अवघा देश व्यापला. चेहरा, पापण्या, मान व कोपराच्या खळग्यांत कोरडी, जाड, काळवंडलेली त्वचा असलेला शेतकरी पावसाळ्यात अधिक त्रासतो व गाव सोडून गेला की सुधारतो. तेव्हा हे गवत संशयास पात्र ठरते. कोकणातील दमट घरांत भिंतींवरील बुरशी, शहरात गाद्या-उशांतील धूळकिडे व झुरळे, गिरणीत पिठाची धूळ, ही श्वसनाच्या ॲलर्जीची नित्याची कारणे होत. काळी मेंदी व केसांचे रंग यांतील पीपीडी नावाचे द्रव्य आणि टिकलीचा डिंक यांनी होणारे त्वक्‌विकार स्त्रियांत विशेष पाहावयास मिळतात.

किनारपट्टीवरील व्यावसायिकांना आणखी एक भेद उपयोगी पडेल. बांगडा, कुपा यांसारखे मासे पुरेसे थंड न ठेवल्यास त्यांच्यात हिस्टामिन साठते व ते शिजवूनही नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, गांधी, डोकेदुखी व उलटी ही लक्षणे हुबेहूब ॲलर्जीसारखी दिसतात. एकाच पंगतीतील अनेकांना त्रास झाला असेल तर दोष माशाच्या साठवणुकीचा समजावा. त्या व्यक्तीला जन्मभर मासे वर्ज्य करण्याचे कारण नाही.

आपली औषधे आणि ॲलर्जी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'आयुर्वेदीय औषधांना अपाय नाही' हे वाक्य लोकप्रिय असले तरी ॲलर्जीच्या संदर्भात ते धोकादायक आहे.

हरिद्राखंड हे शीतपित्तातील आपले नित्याचे औषध. भैषज्यरत्नावलीतील पाठात हळदीबरोबर दूध, तूप व खडीसाखर यांचा समावेश आहे. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या बालकाच्या गांधींवर हेच औषध दिले, तर व्याधीचे कारणच औषध म्हणून दिल्यासारखे होईल. सिद्ध घृतांतही दुधातील प्रथिनांचा अंश राहू शकतो. मधात परागकण असतात व एक वर्षाखालील अर्भकास बोटुलिझमच्या भयास्तव मध कोणत्याही अनुपानात देऊ नये. तिळाच्या तेलावर आधारलेली सिद्ध तैले तिळाची ॲलर्जी असलेल्यांना वर्ज्य समजावीत. गुग्गुळाच्या कल्पांनी काहींना पुरळ उठते. इसबगोलाच्या धुळीने कामगारांना शिंका व दमा जडतो, हे चांगलेच ज्ञात आहे. एकदा संवेदनशील झालेल्या व्यक्तीने पुढे तेच पोटात घेतल्यास तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

भल्लातकाविषयी तर आपणांस वेगळे सांगणे नको. बिब्बा, काजू व आंबा ही एकाच कुलातील झाडे. बिब्बा ज्याला उतला आहे, त्याला काजूच्या टरफलाचे तेल व आंब्याचा चीक यांनीही त्रास होण्याचा संभव असतो. भल्लातक हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'ई-१' परिशिष्टातील द्रव्य असल्याने त्याचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. विचारणा न करता ते हाती देणे औषधालयास शोभत नाही.

याहून गंभीर बाब भेसळीची. 'दोन पुड्यांत दमा थांबतो' अशा ख्यातीची, नाव-गाव नसलेली चूर्णे व गोळ्या ठिकठिकाणी विकल्या जातात. तोंड गोल होणे, वजन व रक्तातील साखर वाढणे आणि औषध थांबताच व्याधी उसळणे, हा त्यातील स्टेरॉइडच्या भेसळीचा ठसा होय. असे औषध दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णात ते एकाएकी बंद करणेही घातक ठरते. त्याला मात्रा क्रमाने कमी करण्यासाठी योग्य ठिकाणी पाठवावे. आपल्या शास्त्राचे नाव याच भेसळीने सर्वाधिक खराब होते.

चिकित्सासूत्र

निदानपरिवर्जन हे प्रथम सूत्र. ते जितके नेमके, तितके कमी वर्ज्य करावे लागते. शीतपित्तात सर्षप तैलाचा अभ्यंग व उष्णोदकाचा सेक, बल पाहून वमन-विरेचन, नंतर हरिद्रा, खदिर, गुडूची, निंब, आरग्वध यांची योजना असा क्रम परिचित आहे. मोहरीचे तेल मात्र फुटलेल्या वा इसबाच्या त्वचेवर लावू नये. चरकाचे उदर्दप्रशमन महाकषायही विस्मरणात जाऊ नये. त्यात तिंदुक, प्रियाल, बदर, खदिर, कदर, सप्तपर्ण, अश्वकर्ण, अर्जुन, असन व अरिमेद ही दहा द्रव्ये आहेत. वारंवार होणाऱ्या प्रतिश्यायात वेग ओसरल्यावर अणुतैलाचे नस्य व तमकश्वासात वेगांतरकाळी पिप्पली, कंटकारी, वासा, पुष्करमूळ यांचा विचार दोष-बल पाहून करावा. वेगावस्थेत शोधन करू नये.

रुग्ण दम्याचा पंप वापरीत असेल, तर आपले औषध सुरू केल्याच्या आनंदात तो बंद करवू नये. बालकाचा श्वास सुधारला तरी पंप कमी करण्याचा निर्णय तो देणाऱ्या चिकित्सकाशी बोलून व्हावा. 'ॲलर्जी समूळ नष्ट' अशी पाटीही लावू नये. वेगांची संख्या व तीव्रता कमी होणे हेही यशच आहे व प्रामाणिक रुग्णनोंदीतून ते दाखविता येते.

आत्ययिक अवस्था

अन्न, औषध वा गांधीलमाशीच्या दंशानंतर काही मिनिटांत गांधींसोबत आवाज बसणे, घसा आवळणे, धाप, घरघर, वारंवार उलटी, चक्कर वा गळून जाणे यांपैकी काही दिसल्यास ती ॲनाफिलॅक्सिस समजावी. काही रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही, हेही स्मरणात असावे. या अवस्थेत मुखावाटे कोणतेही औषध देण्यात वेळ दवडू नये. गांधीवरील गोळी किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन यांनी प्राण वाचण्याची हमी नाही.

पहिले औषध ॲड्रिनॅलिन हेच होय. एकास हजार द्रावणातून दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढात कमाल ०.५ व बालकात कमाल ०.३ मिलिग्रॅम, मांडीच्या मध्यभागी बाहेरील बाजूस स्नायूत दिले जाते व गरज पडल्यास ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा देतात. ज्यांचे प्रशिक्षण व परवाना यास मुभा देतो, त्यांनी ते सज्ज ठेवावे. इतरांनी क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला उताणे निजवून पाय उंच करावेत, धाप असल्यास बसते ठेवावे, उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. उभे करू नये व चालवू नये. बरे वाटले तरी लक्षणे काही तासांनी परतू शकतात, म्हणून रुग्णालयात निरीक्षण आवश्यक.

औषधालयांसाठी

१. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर व नोंदवहीत 'काय सोसत नाही' ही ओळ ठळक असावी.
२. अवलेह, घृत, तैल व गोळ्या देताना दूध, तीळ, मध, गहू व गोळ्यांच्या भरावातील दुग्धशर्करा यांचा उल्लेख वेष्टनावर वाचावा. तो नसल्यास उत्पादकाकडे मागावा.
३. सुटी, नामरहित चूर्णे ठेवू नयेत.
४. चूर्ण कुटणाऱ्या व भरणाऱ्या कामगारांना नाक-तोंड झाकण्याची साधने द्यावीत, धूळ ओढून घेण्याची सोय करावी. भल्लातक हाताळताना हातमोजे असावेत.
५. औषधाने प्रतिक्रिया आल्यास ती लपवू नये. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठीचा औषधसतर्कता कार्यक्रम २००८ मध्ये जामनगर येथून सुरू झाला. पुढे दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र झाले. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयामार्फत तेथे नोंद पाठविता येते.

नोंद पाठविणे म्हणजे शास्त्राची नाचक्की, असा समज काही ठिकाणी आढळतो. वस्तुतः कोणत्या रुग्णात कोणते द्रव्य टाळावे हे सांगता येणे, हा द्रव्यगुणज्ञानाचाच भाग आहे. चरकाने औषध अयुक्त रीतीने योजिल्यास ते विषवत् होते, असे निक्षून सांगितले आहे. 'मला ॲलर्जी आहे' असे म्हणणाऱ्या रुग्णाला औषध देण्यापूर्वी आपण चार प्रश्न विचारले, आपल्या बरणीतील द्रव्यांची यादी डोळ्यांखालून घातली आणि प्राणसंकटाच्या वेळी विलंब टाळला, तर रुग्णाचे हित व आयुर्वेदाचा मान ही दोन्ही राखली जातील. सर्व सभासदांनी निदान आपल्या नोंदवहीतील ती एक ओळ या तिमाहीपासून सुरू करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.